बरोबरीच्या माणसाचे व्यक्तिचित्र

व्यक्तिचित्र काढून घेणारा माणूस बहुधा पैसे देणारा असतो. राजा असो, बिशप असो वा पेढीवाला, तो समोर बसतो, चित्रकार त्याचा चेहरा, अंगरखा आणि बोटातली अंगठी नीट उतरवून देतो, आणि व्यवहार तेथे पुरा होतो. पण ज्याच्या चित्रांनी आपल्याला रंगांकडे पाहायला शिकवले, त्या दुसऱ्या चित्रकाराचेच चित्र काढायची वेळ आली की कुंचला अडखळतो. चित्र काढायचे ते कोणाचे? त्याच्या नाकडोळ्यांचे, की ज्या कामामुळे तो आपल्याला प्रिय झाला त्या कामाचे? काम तर नाकडोळ्यांत दिसत नाही. आणि तो चित्रकार आपल्याच वयाचा, आपल्याच ताटाला ताट लावून जेवणारा असेल तर? दूरच्या आणि दिवंगत गुरूचे ऋण मान्य करताना मनाला फारसे कष्ट पडत नाहीत. बरोबरीच्या माणसाचे ऋण मान्य करणे मात्र जड जाते. १८८८ साली दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी दोन चित्रकारांनी एकमेकांची जी चित्रे काढली, ती या दृष्टीने पुन्हा एकदा पाहावीत असे आम्हांस वाटते.

आपल्या परंपरेत चित्रकारांचा आश्रयदाता संत लूक. त्याने पवित्र मरियेचे चित्र काढले अशी जुनी श्रद्धा आहे आणि युरोपातील चित्रकारांचे संघ शेकडो वर्षे त्याच्या नावाने चालत आले. रोगिर व्हान डर वायडन या फ्लेमिश चित्रकाराने पंधराव्या शतकात काढलेले मरियेचे रेखाटन करणाऱ्या लूकचे चित्र आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यातला लूक गुडघे वाकवून, श्वास रोखून रेघ ओढतो आहे. तेथे स्पर्धेला जागाच नाही; समोर बसलेली व्यक्ती इतकी उंचावर आहे की चित्रकाराला नम्र होण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. आमचा विषय याहून अवघड आहे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची जीवनकथा मराठी वाचकाला नवी नाही. आयर्व्हिंग स्टोनची त्याच्यावरील कादंबरी माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणल्यापासून आपल्याकडील पुष्कळ घरांत तो जणू नात्यातल्या माणसासारखा ओळखीचा झाला. डच पाळकाचा हा मुलगा १८७९ मध्ये बेल्जियमच्या कोळसाखाणींत सुवार्ता सांगत फिरला, पुढे चित्रकार झाला, आणि १८८८ च्या फेब्रुवारीत आर्लला आला. तेथे त्याने पिवळ्या रंगाचे एक घर भाड्याने घेतले. चित्रकारांनी एकत्र राहावे, एकत्र काम करावे, मठवासीयांसारखा साधा आयुष्यक्रम ठेवावा, असे त्याचे स्वप्न होते. त्या घरासाठी त्याने बारा खुर्च्या विकत घेतल्या. घरात राहणारा माणूस एक आणि खुर्च्या बारा! आपल्या वाचकांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

त्याच शरद ऋतूत त्याने एक कल्पना मांडली. जपानी चित्रकार आपली चित्रे एकमेकांना देतात असे त्याच्या वाचनात आले होते. ब्रिटनीमधील पाँत-आव्हँ येथे त्या वेळी पॉल गोगँ आणि एमिल बर्नार हे त्याचे दोन मित्र एकत्र काम करीत होते. त्यांनी एकमेकांची व्यक्तिचित्रे काढून आपल्याला पाठवावीत अशी व्हिन्सेंटची मागणी होती. गोगँ चाळीस वर्षांचा. बर्नार अवघा वीस. बर्नारला गोगँचे चित्र काढण्याचे धैर्य होईना. ज्याच्याकडे आपण इतक्या आदराने पाहतो, त्याला तासन् तास समोर बसवून त्याचे नाक लांब की आखूड हे कसे ठरवायचे? अखेर दोघांनीही स्वतःचीच चित्रे काढली, आणि प्रत्येकाने आपल्या मागच्या भिंतीवर दुसऱ्याचा एक लहानसा चेहरा रेखाटला. ही दोन्ही चित्रे आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत. बर्नारच्या चित्रात गोगँ भिंतीवरच्या कागदासारखा मागे लटकतो. गोगँच्या चित्रात बर्नार कोपऱ्यात हिरवट सावलीसारखा उभा आहे आणि पुढे गोगँ स्वतः ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ व्हालजाँच्या भूमिकेत, तिरक्या नजरेने पाहणारा. मागितले होते मित्राचे चित्र, आले स्वतःचे. व्हिन्सेंटने बदल्यात पाठवलेले स्वतःचे चित्रही विलक्षणच आहे. केस बारीक कापलेला, जपानी बौद्ध भिक्षूसारखा दिसणारा चेहरा, आणि मागे फिकट हिरवा रंग. ते त्याने गोगँला अर्पण केले. हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात ते आहे.

या देवघेवीत आम्हांला बर्नारची भीती सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याने निदान अडचण ओळखली.

गोगँ २३ ऑक्टोबर १८८८ रोजी आर्लला पोहोचला. त्याचा खर्च व्हिन्सेंटचा भाऊ तेओ भागवणार होता. त्या बदल्यात गोगँने दरमहा एक चित्र द्यायचे. पाहुण्याची खोली सजवण्यासाठी व्हिन्सेंटने ऑगस्टमध्येच सूर्यफुलांची चित्रे काढून ठेवली होती. त्यांतील दोन त्याने त्या खोलीत लावली. पिवळ्या पार्श्वभूमीचे आता लंडनला आहे, निळसर हिरव्या पार्श्वभूमीचे म्युनिकला. ही चित्रे गोगँला मनापासून आवडली. पॅरिसमध्ये असतानाच त्याने व्हिन्सेंटची सूर्यफुलांची दोन लहान चित्रे अदलाबदलीत घेतली होती. क्लोद मोनेने काढलेल्या सूर्यफुलांपेक्षा आपली त्याला अधिक पसंत पडली, असे व्हिन्सेंटने भावाला मोठ्या संकोचाने आणि तितक्याच आनंदाने कळवले आहे. तेव्हा गोगँवर या फुलांचा प्रभाव होता, हे निर्विवाद. व्हिन्सेंटचे व्यक्तिचित्र काढायची वेळ आली तेव्हा त्याने तोच विषय निवडला हेही साहजिक होते.

हे चित्र डिसेंबरातले. सुमारे ७३ बाय ९१ सेंटिमीटर, तागाच्या जाडसर कापडावर रंगवलेले. गोगँने आर्लमध्ये असे वीस मीटर कापड घेतले होते आणि दोघेही ते वापरीत. या गोणपाटावर रंग सुकतो तो मॅट होऊन, आणि कापडाचे विणकाम खालून डोकावत राहते. चित्रात व्हिन्सेंट बसून सूर्यफुले रंगवतो आहे. आता डिसेंबरात सूर्यफुले कोठली? आर्लच्या थंड वाऱ्यात त्या महिन्यात सूर्यफूल मिळणे शक्य नव्हते. गोगँने हा प्रसंग कल्पनेतून उभा केला. समोर दिसते तेवढेच न काढता स्मरणातून आणि कल्पनेतून काढावे, हा त्याचा आग्रहच होता. व्हिन्सेंटला समोर वस्तू हवी असे. त्या घरातला मुख्य वाद हाच. म्हणजे व्हिन्सेंटचे चित्र काढताना गोगँने पद्धत आपली वापरली आणि त्या पद्धतीत व्हिन्सेंटला बसवले.

चित्राकडे थोडे अधिक थांबून पाहू. आपण व्हिन्सेंटकडे किंचित वरून पाहतो, उभा माणूस बसलेल्याकडे पाहतो तसे. त्याचे कपाळ दबलेले, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा चपटा. पसरलेला हात बारीक कुंचला धरून पुढे झाला आहे. कुंचल्याचे टोक कॅनव्हासला टेकले आहे की थेट फुलालाच, याचा पहिल्या नजरेत उलगडा होत नाही. फुले फुलदाणीत आहेत, पण ती व्हिन्सेंटच्या फुलांसारखी धगधगत नाहीत. थोडी मलूल, थोडी डोळ्यांसारखी. मागे निसर्गचित्राचे रुंद, सपाट पट्टे, आणि ते व्हिन्सेंटच्या हातचे वाटत नाहीत, गोगँच्या शैलीतले वाटतात. सूर्यफुलांचा चित्रकार आपल्या फुलांपुढे बसला आहे खरा, पण त्याच्या डोक्यावर दुसऱ्याच चित्रकाराची भिंत आहे.

गोगँने पुढे लिहून ठेवले आहे की चित्र पाहून व्हिन्सेंट उद्गारला, हा मीच, पण वेडा झालेला मी. ही आठवण पंधरा वर्षांनंतरची आहे आणि सांगणारा गोगँ आहे, हे ध्यानात ठेवून ती घ्यावी. व्हिन्सेंटचे स्वतःचे म्हणणे त्याच्या १८८९ च्या पत्रात सापडते. त्यात राग नाही. तो मीच होतो, त्या वेळी अतिशय थकलेला आणि विजेने भारल्यासारखा, अशा आशयाचे तो लिहितो. ज्याचे चित्र काढले गेले त्याने चित्र मान्य केले. टीकाकाराने मग तक्रार का करावी?

तक्रार अशी नाही की चित्र वाईट आहे. उलट, गोगँच्या आर्लमधील कामांत हे सर्वांत जिवंत चित्रांपैकी एक आहे असे आमचे मत आहे. पसरलेल्या हाताची ती लांब तिरकी रेघ, मळक्या पिवळ्यावर आलेला तपकिरी अंगरखा, मान वाकवून काहीतरी ऐकत असल्यासारखा तो चेहरा, हे विसरता येत नाही. पण हे चित्र मित्राचा सन्मान करते आणि त्याच क्षणी त्याला खाली बसवते. ज्या फुलांनी आपल्याला भारून टाकले, त्या फुलांच्या कर्त्याकडे गोगँला समोरासमोर पाहता आले नाही; पाहायचे तर वरूनच. या ओढाताणीमुळेच चित्रात जीव आला असेल का? शक्य आहे. निखळ कृतज्ञतेतून याहून चांगले चित्र झाले असते असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, आणि ही गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते.

आता दुसरी बाजू. त्याच महिन्यात, त्याच तागाच्या कापडाच्या एका लहान तुकड्यावर व्हिन्सेंटने गोगँचे चित्र काढले. लाल टोपी, पाठमोरा, गालाची थोडीशी कड दिसणारा माणूस. कित्येक वर्षे हे चित्र व्हिन्सेंटचेच की नाही यावर वाद झाला. आता ते त्याचेच मानले जाते. घाईघाईत केलेले, जवळजवळ चोरून केलेले हे काम. मित्र कामात असताना मागून पाहून काढले असावे असे वाटते. त्याला समोर बसवण्याची भीड बर्नारप्रमाणे व्हिन्सेंटलाही पडली असेल. चित्र म्हणून त्यात विशेष काही नाही.

व्हिन्सेंटने गोगँचे खरे व्यक्तिचित्र काढले ते गोगँला वगळून. नोव्हेंबरात त्याने दोन खुर्च्या रंगवायला घेतल्या. एक स्वतःची: साधी, गवताने विणलेल्या बैठकीची, लाल फरशीवर दिवसाच्या उजेडात ठेवलेली, तिच्यावर चिलीम आणि तंबाखूची पुडी, मागे कांद्यांच्या खोक्यावर लिहिलेले ‘व्हिन्सेंट’ हे नाव. ती लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दुसरी गोगँची: हातांची, वळणदार, तांबूस लाकडाची, रात्रीच्या वेळची, मागची भिंत हिरवी, भिंतीवर गॅसचा दिवा, आणि बैठकीवर जळती मेणबत्ती व दोन कादंबऱ्या. स्वतःसाठी त्याने पाइनची खुर्ची घेतली आणि पाहुण्यासाठी हातांची ठेवली. आपल्या घरांत पाहुणा आला की चांगली खुर्ची पुढे सरकवतात, तसेच हे. माणूस कोठेही नाही. पण मेणबत्ती जळते आहे, म्हणजे कोणीतरी आता येईल किंवा नुकतेच उठून गेले आहे.

हे चित्र आम्हांला गोगँच्या चित्राहून श्रेष्ठ वाटते. व्हिन्सेंटलाही गोगँशी भांडण होते, रोज होते. कल्पनेतून चित्र काढण्याचा गोगँचा हट्ट त्याला पटत नव्हता. तरी खुर्चीवर त्याने पुस्तके आणि प्रकाश ठेवला. रात्र, कादंबऱ्या, मेणबत्ती, म्हणजे डोळ्यांपुढे नसलेले पाहण्याचा गोगँचा जो मार्ग, त्याचीच ही खूण आहे. आणि हे सारे त्याने स्वतःच्या पद्धतीने, समोर प्रत्यक्ष खुर्ची ठेवून रंगवले. मित्राचे म्हणणे मान्य न करता त्याला मान देणे शक्य असते, ते येथे डोळ्यांनी दिसते. तुलनेने गोगँच्या चित्रातील फुले पाहा: ती व्हिन्सेंटची आहेत, पण त्यांच्यात व्हिन्सेंटचे काही शिल्लक नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २३ डिसेंबरची रात्र, कापलेला कान, गोगँचे पॅरिसला परतणे. एकत्र राहण्याचे ते स्वप्न नऊ आठवड्यांत मोडले. आम्ही त्यात शिरत नाही. त्या रात्रीवर इतके लिहिले गेले आहे की चित्रांकडे पाहायला कोणाला सवड उरत नाही. एवढे मात्र नोंदवायला हवे की जानेवारीत गोगँने पत्र लिहून पिवळ्या पार्श्वभूमीची सूर्यफुले मागितली. व्हिन्सेंटने मूळ चित्र हातचे जाऊ दिले नाही, पण आपल्या हाताने त्या चित्रांच्या नव्या आवृत्त्या रंगवल्या. आणि १८९० च्या आरंभी आल्बेर ओरिये या तरुण समीक्षकाने व्हिन्सेंटवर पहिला मोठा स्तुतिपर लेख लिहिला तेव्हा व्हिन्सेंटने आभाराचे जे पत्र पाठवले, त्यात आपल्या वाट्याची स्तुती त्याने दुसऱ्यांना वाटून टाकली. त्यातील एक मोंतिचेल्ली, दुसरा गोगँ. त्याच पत्रात तो त्या खुर्चीच्या चित्राविषयी सांगतो: आम्ही वेगळे होण्याच्या थोडे दिवस आधी मी त्याची रिकामी जागा रंगवायचा प्रयत्न केला. ज्या माणसाच्या सहवासाचा शेवट रुग्णालयात झाला, त्याच्याविषयी हे लिहिले आहे. आपल्याकडे सत्कार-समारंभात शाल-श्रीफळ देताना सत्कारमूर्तीचे एकही पुस्तक किंवा चित्र न पाहिलेली मंडळी अर्धा अर्धा तास बोलतात. तेव्हा आम्हांला या पत्राची आठवण होते.

गोगँला कोणापुढेच झुकता येत नव्हते का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. शेअरबाजारात नोकरी करून चांगले पैसे मिळवीत असताना त्याने पॉल सेझानची काही चित्रे विकत घेतली होती. त्यांतले एक लहानसे वस्तुचित्र, फळांची उंच थाळी, पेला आणि सफरचंदे, त्याला जिवापाड प्रिय होते. नोकरी गेली, संसार विस्कटला, तरी अंगावरचा शेवटचा सदरा विकीन, मगच हे चित्र विकीन, अशा आशयाचे त्याने मित्राला लिहिले होते. १८९० मध्ये त्याने एका बसलेल्या स्त्रीचे चित्र काढले आणि तिच्या मागे हेच सेझानचे चित्र रंगवले. ते शिकागोच्या कला संग्रहालयात आहे. तेथे गोगँचा हात एकदम बदलतो. स्त्रीची बैठक सेझानच्या पद्धतीची, रंगाचे लहान लहान तिरके फटकारे सेझानचे, आणि मागची सफरचंदे तर जशीच्या तशी मन लावून केलेली. आर्लच्या भिंतीवर त्याने स्वतःचे निसर्गचित्र टांगले होते. येथे दुसऱ्याचे चित्र टांगले आणि आपण त्याच्या सावलीत बसला. फरक एवढाच की सेझान दूर होता, नऊ वर्षांनी मोठा होता, आणि त्याच्या घरात राहत नव्हता. सेझानला गोगँविषयी काही प्रेम नव्हते, ही गोष्ट अलाहिदा.

हीच सफरचंदे दहा वर्षांनी आणखी एका चित्रात आली. मॉरिस देनी हे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही, आणि ते यावे असे आम्हांला फार दिवस वाटते आहे. हा श्रद्धावंत कॅथलिक चित्रकार. पुढे १९१९ मध्ये त्याने जॉर्ज देव्हालिएर याच्यासह पॅरिसमध्ये धार्मिक कलेची कार्यशाळा काढली आणि अनेक चर्चच्या भिंती रंगवल्या. तरुणपणी तो आणि त्याचे सोबती गोगँच्या प्रभावाखाली वाढले. १९०० साली त्याने सेझानला वंदन करणारे एक भले मोठे चित्र रंगवले, सुमारे १८० बाय २४० सेंटिमीटरचे. जागा आहे आंब्र्वाज व्होलार या विक्रेत्याचे दुकान. याच व्होलारने १८९५ मध्ये सेझानचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. दुकानात ईझलवर ते लहानसे वस्तुचित्र ठेवले आहे. भोवती काळ्या कोटांतले चित्रकार उभे: ओदिलाँ रदाँ चष्मा पुसतो आहे, सेरुझिए त्याला काही समजावून सांगतो आहे, व्हुयार, बोनार, रुसेल, रान्साँ आणि मागे स्वतः देनी. उजव्या टोकाला देनीची पत्नी मार्त. मागच्या भिंतीवर गोगँ आणि रन्वार यांची चित्रे दिसतात. सेझान मात्र नाही.

या मांडणीची प्रेरणा देनीने फाँतँ-लातूरच्या १८६४ मधील चित्रावरून घेतली. देलाक्र्वा १८६३ मध्ये वारला. त्याच्या सन्मानार्थ फाँतँने माने, व्हिसलर, बोदलेअर इत्यादी मंडळींना देलाक्र्वाच्या व्यक्तिचित्राभोवती उभे केले. तेथे मधोमध दिवंगत गुरूचा चेहरा आहे. देनीने चेहरा काढून टाकला आणि त्या जागी सफरचंदे ठेवली. हा बदल लहान दिसतो, पण सारे मर्म त्यात आहे. सेझान तेव्हा जिवंत होता, एक्समध्ये राहत होता, त्याचा चेहरा मिळवणे अशक्य नव्हते. देनीने ठरवले की वंदन करायचे ते कामाला. (सेझानच्याही मनात देलाक्र्वाच्या गौरवाचे मोठे चित्र काढायचे होते. त्याचा लहान आराखडा झाला, मोठे चित्र कधीच झाले नाही. भक्ताला बहुधा हेच भोगावे लागते.)

चित्र म्हणून पाहिले तर देनीचे हे काम ताठर आहे, हे मान्य केले पाहिजे. काळे कोट एकमेकांत मिसळतात, माणसे छायाचित्रासाठी रांगेत उभी केल्यासारखी दिसतात. धर्मग्रामाच्या एखाद्या समितीचा वार्षिक फोटो असावा तशी. गोगँच्या चित्रातील ती धडपड येथे नाही. कृतज्ञता पुरेपूर आहे, पण तिने कुंचल्याला बळ दिले नाही. फक्त मधल्या ईझलवर नजर गेली की चित्र उजळते, कारण तेथे देनी दुसऱ्याचे रंग वापरतो आहे. आणि तरी हे चित्र पाहताना एक गोष्ट जाणवते: या दुकानात उभ्या असलेल्या दहा माणसांपैकी कोणीही स्वतःला पुढे ढकलत नाही. चित्राचा कर्ता तर जवळजवळ झाकला गेला आहे. १९०१ मध्ये ते प्रदर्शित झाले. पॅरिसमध्ये पुष्कळांना त्याचे हसू आले. पण सेझानने जूनमध्ये देनीला पत्र लिहून आभार मानले, आणि तरुण लेखक आंद्रे जीद याने ते चित्र विकत घेतले. १९२८ मध्ये त्याने ते सरकारी संग्रहाला दिले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

१९०६ च्या जानेवारीत देनी रुसेलला बरोबर घेऊन एक्सला गेला. सेझान तेव्हा उतारवयात पुन्हा श्रद्धेकडे वळलेला, गावच्या कॅथेड्रलमध्ये नियमित मिस्साला जाणारा वृद्ध होता. ज्याला सहा वर्षांपूर्वी न पाहता वंदन केले, तो आता समोर आला. त्या भेटीवर देनीने एक लहान चित्र काढले: उघड्यावर ईझल लावून उभा असलेला सेझान, जवळ पाहुणे, दूर डोंगर. देनीने बारा वर्षांपूर्वी मरिया आणि एलिझाबेथ यांच्या भेटीचे चित्र काढले होते, आणि या दुसऱ्या चित्राला त्याने ‘सेझानची भेट’ असेच नाव दिले. येथे सफरचंदे नाहीत, कोटांची रांग नाही. काम करणारा म्हातारा आणि त्याच्याकडे पाहणारे दोघे. आमच्या मते देनीचे हे चित्र मोठ्या चित्राहून अधिक मोकळे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सेझान वारला.

गोगँची गोष्ट येथे संपत नाही. व्हिन्सेंट १८९० च्या जुलैत गेला. पुढच्या वर्षी गोगँ ताहितीला निघून गेला. १८९८ मध्ये त्याने फ्रान्समधील एका मित्राला पत्र लिहून फुलांचे बी मागवले, आणि त्यात सूर्यफुलाचे बी होते. त्या बेटावर ते रुजले. १९०१ मध्ये त्याने सूर्यफुलांची काही वस्तुचित्रे काढली. त्यांतील एका चित्रात फुले फुलदाणीत नाहीत. एका हाताच्या खुर्चीवर, टोपलीत ठेवलेली आहेत. ते चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. ती खुर्ची ओळखीची वाटते. व्हिन्सेंटने ज्या खुर्चीवर मेणबत्ती ठेवली होती, तशाच एका खुर्चीवर गोगँने व्हिन्सेंटची फुले ठेवली. या वेळी तो वरून पाहत नाही. आर्लमधील डिसेंबरात जी फुले नव्हती आणि कल्पनेने काढावी लागली, ती आता समोर होती, स्वतः पेरलेली, आणि ती त्याने समोर ठेवून काढली असावीत, म्हणजे व्हिन्सेंटच्या पद्धतीने. त्यात व्हिन्सेंटचे नाव नाही, चेहरा नाही. आमच्या दृष्टीने व्हिन्सेंटचे गोगँने काढलेले खरे व्यक्तिचित्र हेच.

त्यानंतर दोन वर्षांनी, मृत्यूच्या आधी थोडे महिने, त्याच गोगँने आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत तो सांगतो की आपण आर्लला पोहोचलो तेव्हा व्हिन्सेंट चाचपडत होता, आपण त्याला वाट दाखवली, आणि त्यातूनच ती सारी सूर्यफुले उमलली. ती फुले ऑगस्टमध्ये रंगवून झाली होती. गोगँ आला तो ऑक्टोबरात, आणि ज्या खोलीत तो पहिल्या रात्री झोपला तिच्या भिंतीवर ती लावलेली होती.